प्रतीक्षायादीत राहिल्यावर लॉ स्कूलला पुन्हा अर्ज करावा का?

मृण्मयी_एडिसन | १३ जुलै २०२५

नमस्कार. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशप्रक्रियेची प्रत्यक्ष माहिती असलेल्या सभासदांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

माझी मुलगी मे महिन्यात राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाली. तिने नाताळच्या सुट्टीत जे.डी.साठी, म्हणजे इथल्या कायद्याच्या पदवीसाठी, अर्ज पाठवले होते. एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा) १६६, जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी) ३.८१. जिथे जावे असे तिला मनापासून वाटत होते, त्या सर्वांनी तिला प्रतीक्षायादीत ठेवले. त्यांपैकी बहुतेकांनी जूनअखेर यादी बंद झाल्याचे कळवले असून एकाची यादी अजून उघडी आहे. न्यू जर्सीतल्याच एका लॉ स्कूलने मात्र अर्ध्या शिक्षणशुल्काच्या स्कॉलरशिपसह प्रवेश दिला आहे. तिथले डिपॉझिट भरले आहे आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात वर्ग सुरू होतील.

मुलीचे म्हणणे असे की ही जागा सोडावी, वर्षभर नोकरी करावी, एलसॅट पुन्हा द्यावी आणि सप्टेंबरपासून नव्याने अर्ज करावेत. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे तिच्या बाबांचे म्हणणे. मला दोघांचेही पटते, आणि हीच अडचण आहे.

मला विचारायचे आहे ते एवढेच: दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याकडे ही मंडळी कोणत्या नजरेने पाहतात? आधी प्रतीक्षायादीत असण्याचा फायदा होतो की तोटा? आणि पुन्हा अर्ज करायचाच झाला, तर नेमके काय बदलायला हवे?

तिला इंजिनीअर का केले नाही, हा प्रश्न आमच्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात पुरेसा विचारून झाला आहे. तो येथे टाळल्यास आभारी राहीन.

खडूस_आजोबा | १३ जुलै २०२५

इंजिनीअर का केले नाही, हे विचारणारच होतो, पण धागाकर्तीने आधीच नाकेबंदी केली आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत, म्हणजे मीही यादीतच.

कृष्णाकाठ | १४ जुलै २०२५

मृण्मयीताई, मी शिकागोत वकिली करतो आणि माझ्या जुन्या लॉ स्कूलसाठी माजी विद्यार्थी म्हणून काही वर्षे इच्छुकांशी बोलत आलो आहे. प्रवेश समितीत मी नाही, हे आधीच सांगतो.

प्रतीक्षायादीत ठेवले जाणे म्हणजे हा विद्यार्थी आमच्याकडचा अभ्यासक्रम पेलू शकेल, याबद्दल शाळेला शंका नाही. प्रश्न राहतो तो आकड्यांचा आणि वेळेचा. लॉ स्कूलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या ५०९ क्रमांकाच्या नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला आपल्या नव्या वर्गाचे एलसॅट आणि जीपीए यांचे मध्यांक (अर्धा वर्ग ज्याच्या वर आणि अर्धा खाली, तो आकडा), तसेच २५ व ७५ शतमानावरचे (पर्सेंटाइलचे) आकडे दरवर्षी डिसेंबरात जाहीर करावे लागतात. हा अहवाल कोणालाही पाहता येतो. तुमच्या मुलीचा जीपीए एखाद्या शाळेच्या मध्यांकाच्या वर आणि एलसॅट खाली असेल, तर शाळा तिला राखून ठेवते आणि मेमध्ये डिपॉझिटचे चित्र स्पष्ट झाले की आपला कोणता आकडा घसरतो आहे, ते पाहून यादीतून माणसे उचलते. म्हणून पहिले काम असे की ज्या शाळांनी तिला थांबवले, त्यांचे ५०९ अहवाल उघडून तिचे दोन्ही आकडे त्यांत कुठे बसतात ते पाहावे. अंदाजाने बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक शाळा साधारण १ सप्टेंबरपासून अर्ज स्वीकारतात आणि येतील तसे निकाल देत जातात. नाताळात पाठवलेला अर्ज मुदतीच्या आत असला तरी तो वाचला जाईपर्यंत बऱ्याच जागा आणि स्कॉलरशिपचा बराच पैसा वाटून झालेला असतो. त्यात गेले वर्ष विशेष कठीण होते, कारण देशभरातील अर्जदारांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढली होती.

फायदा की तोटा, याबद्दल: आधी अर्ज केला होता का, हा प्रश्न बहुतेक अर्जांत असतो आणि जुनी फाइल समितीसमोर येऊ शकते. माझ्या पाहण्यात पूर्वीच्या प्रतीक्षायादीमुळे कोणाचे नुकसान झालेले नाही. परंतु तीच फाइल पुन्हा पाठवली तर तेच उत्तर येण्याची तयारी ठेवावी.

एक विचारतो. तिने एलसॅट कधी दिली होती?

मृण्मयी_एडिसन | १४ जुलै २०२५

मनापासून आभार. तिने २०२४च्या जूनमध्ये दिली, एकदाच. सर्वांत जास्त गुण लॉजिक गेम्समध्ये (तर्ककोड्यांच्या विभागात) गेले, असे ती तेव्हाही म्हणत होती.

कृष्णाकाठ | १४ जुलै २०२५

मग चित्र बरेच बदलते. लॉजिक गेम्सचा विभाग ऑगस्ट २०२४पासून परीक्षेतून काढून टाकला आहे. आता गुण धरले जातात ते लॉजिकल रीझनिंगच्या (युक्तिवाद तपासण्याच्या) दोन आणि वाचन-आकलनाच्या एका विभागाचे. चौथा विभाग प्रायोगिक असतो, त्याचे गुण नसतात. शिवाय मध्यांक काढताना शाळा विद्यार्थ्याचा सर्वाधिक गुणांक धरतात, त्यामुळे एखादे वेळी कमी मिळाले तरी जुने १६६ कुठे जात नाहीत. सर्व गुणांक समितीला दिसतात, हे खरे.

तर्कटराव | १४ जुलै २०२५

वरील प्रतिसादाला एक पुरवणी. गेम्स गेले म्हणून परीक्षा सोपी झाली, असे समजू नये. लॉजिकल रीझनिंगचे वजन आता पूर्वीच्या मानाने खूप वाढले आहे आणि तो विभाग महिनाभराच्या पाठांतराने सुधारत नाही. मुलीचे त्या विभागातले जुने गुण चांगले असतील तरच पुन्हा परीक्षा देणे शहाणपणाचे. सराव चाचण्या नव्या पद्धतीने घड्याळ लावून सोडवाव्यात आणि सरासरी सातत्याने वर आली तरच नाव नोंदवावे. प्रयत्नांनाही मर्यादा आहे: पाच वर्षांच्या चालू कालावधीत पाच वेळा आणि संपूर्ण आयुष्यात सात वेळा.

खडूस_आजोबा | १४ जुलै २०२५

आयुष्यात सातच वेळा? मॅट्रिकला ही अट असती तर आमच्या आळीतल्या निम्म्या मंडळींच्या ऑक्टोबरवाऱ्या मध्येच खुंटल्या असत्या.

निमिष_बॉस्टन | १५ जुलै २०२५

मी स्वतः प्रतीक्षायादीतून न सुटता पुन्हा अर्ज केलेला विद्यार्थी आहे आणि येत्या सप्टेंबरात तिसऱ्या वर्षाला जाईन, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या वेळी माझ्याकडे दुसऱ्या कुठल्याही शाळेचा मनाजोगता प्रवेश नव्हता, त्यामुळे मृण्मयीताईंसमोर आहे तसा पेच माझ्यापुढे नव्हता. मी इमिग्रेशनचे काम करणाऱ्या एका लहान वकिली कार्यालयात पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा मदतनीस, म्हणून लागलो. आमच्याकडे येणाऱ्या भारतीय अशिलांचे एक नेहमीचे दुखणे असे की जुन्या जन्मदाखल्यावर मुलाच्या नावाचा रकानाच कोरा असतो. बारशाच्या आधी नोंद झालेली, नंतर नाव घालायला कोणी गेले नाही. मग शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा, आईवडिलांचे किंवा जन्माच्या वेळी कळत्या वयाच्या नातेवाइकांचे प्रतिज्ञापत्र घ्यायचे, आणि त्यात आईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, वडिलांचे मधले नाव हे सगळे एकाच व्यक्तीचे आहे, हे गोऱ्या अधिकाऱ्याला पटेल अशा रीतीने मांडायचे. एका आजींच्या प्रतिज्ञापत्रात मी ‘मला आठवते’ असे लिहिले होते. आमच्या वकीलबाईंनी ते खोडून, त्या तेव्हा कुठल्या घरात राहत होत्या, बाळंतपण कुठे झाले आणि त्यांनी स्वतः काय पाहिले, ते विचारून घ्यायला मला परत पाठवले. कायद्याच्या कामात शब्द कशासाठी लागतात, ते मला त्या दुपारी समजले.

दुसऱ्या वेळचे पर्सनल स्टेटमेंट (अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध) या कामावर होते. पहिल्या वेळचे आमच्या आजोबांच्या साताऱ्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे चाललेल्या जमिनीच्या दाव्यावर होते. ते वाचून माझ्या प्राध्यापकांनी एकच वाक्य म्हटले होते: आजोबांना प्रवेश द्यायला हरकत नाही.

एलसॅट १६४ वरून १७० वर गेली. अर्ज सप्टेंबरअखेर गेले. निकाल असा लागला की आदल्या वर्षी प्रतीक्षायादीत ठेवणाऱ्या एका शाळेने स्कॉलरशिपसह बोलावले, आणि दुसरीने, जिने तेव्हा प्रतीक्षायादीत ठेवले होते, तिने या वेळी सरळ नकार दिला. तेव्हा मागच्या वर्षीची प्रतीक्षायादी म्हणजे जिन्याची अर्धी पायरी चढून झाली, असा हिशेब कोणी करू नये. दरवर्षी वर्ग नव्याने भरला जातो.

शाल्मली_के | १५ जुलै २०२५

‘आजोबांना प्रवेश द्यायला हरकत नाही’ हे वाक्य माझ्या मुलाच्या कॉलेजच्या निबंधालाही लागू पडते आहे. रात्रीच दाखवते.

पुणेरी_पगडी | १५ जुलै २०२५

मी पुण्यात वकिली करतो. हे सर्व वाचून थक्क झालो. आपल्याकडे क्लॅट ही कायद्याची प्रवेशपरीक्षा द्यायची, क्रमांक आला की समुपदेशनाच्या फेऱ्यांत राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा पसंतीक्रम भरायचा, आणि वरच्याने जागा सोडली की खालचा सरकतो. यादी सर्वांसमोर असते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली तर मागचे कोणी विचारत नाही. तिकडे मात्र निबंध, शिफारसपत्रे, आणि वर ‘आम्हाला तुम्ही आवडलात, पण थांबा’. यात वशिल्याला वाव नाही काय?

कृष्णाकाठ | १५ जुलै २०२५

पगडीसाहेब, वाव आहे की नाही यावर स्वतंत्र धागा होईल आणि तो दोनशे प्रतिसादांच्या पुढे जाईल. येथे महत्त्वाचा फरक एवढाच की इकडच्या प्रतीक्षायादीला बहुधा क्रमांक नसतो. आपण कितवे आहोत, हे विचारून उपयोग नाही, कारण त्या प्रश्नाला उत्तरच नसते. शाळेला त्या आठवड्यात काय कमी पडते आहे, त्यावर निवड ठरते. म्हणून फाइल जिवंत ठेवावी लागते.

खडूस_आजोबा | १५ जुलै २०२५

आमच्या रेल्वेत वेटलिस्टला क्रमांक तरी असतो, आणि त्याच्या वर आरएसी असते. अर्धी का होईना, बसायला जागा मिळते. अमेरिकेने हा विचार करावा.

डेलावेअरकर | १५ जुलै २०२५

आजोबा, आरएसी इथेही आहे, फक्त ती संध्याकाळी सुटते. जॉर्जटाउन, फोर्डम, जॉर्ज वॉशिंग्टन अशा शाळांचे संध्याकाळचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत. पदवी तीच जे.डी., कालावधी साधारण चार वर्षे. पुन्हा अर्ज करताना हा पर्याय अनेकांच्या लक्षातच येत नाही. दिवसा नोकरी करणाऱ्यासाठी पैशाच्या दृष्टीनेही तो विचार करण्याजोगा आहे.

पण मृण्मयीताई, माझे मत तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे. मिळालेल्या जागी जावे, पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळवावेत आणि दुसऱ्या वर्षासाठी ट्रान्सफर घ्यावी. मी हेच केले. ट्रान्सफरच्या वेळी पहिल्या वर्षाचे गुण आणि वर्गातला क्रमांक यांनाच सर्वांत जास्त वजन असते, एलसॅट मागे पडते. जॉर्जटाउनसारखी शाळा दरवर्षी मोठ्या संख्येने ट्रान्सफर विद्यार्थी घेते. कोणत्या शाळेने किती घेतले आणि ते कुठून आले, हेही ५०९ अहवालात सापडते.

निमिष_बॉस्टन | १६ जुलै २०२५

डेलावेअरकर, तुमचे यश मान्य करूनही या सल्ल्याशी मी सहमत नाही. पहिल्या वर्षाचे गुण वक्ररेषेवर दिले जातात, म्हणजे इतरांच्या तुलनेत, आणि वरच्या श्रेणी मोजक्यांनाच मिळतात. वर्गातला प्रत्येक जण हुशार आहे आणि प्रत्येक जण आपण वरच्या दहा टक्क्यांत असू असे धरून आलेला आहे. त्यांपैकी नव्वद टक्क्यांचा हिशेब चुकणारच. शिवाय ट्रान्सफर झाल्यावर पहिल्या शाळेची स्कॉलरशिप सुटते आणि नव्या शाळेत ती सहसा मिळत नाही. जिथे पदवीपर्यंत राहायला मन तयार आहे, तिथेच प्रवेश घ्यावा. ट्रान्सफर झाली तर वरकड म्हणावी.

आणखी एक. एकदा लॉ स्कूलमध्ये नाव घातले आणि मध्येच सोडून पुन्हा पहिल्या वर्षासाठी अर्ज केला, तर आधीच्या शाळेची माहिती द्यावी लागते आणि तिथले पत्रही मागतात. ‘महिनाभर जाऊन बघू, नाही आवडले तर परत अर्ज करू’ असा मधला मार्ग नाही.

डेलावेअरकर | १६ जुलै २०२५

मधला मार्ग नाही, हे मान्य. वक्ररेषेबद्दलही बरोबर आहे. पण वर्षभर थांबून एलसॅट १७० वर जाईलच, हाही एक हिशेबच आहे. तो चुकणाऱ्यांची टक्केवारी कोणी छापत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो.

तर्कटराव | १६ जुलै २०२५

दोघेही पैशावर बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. या वर्षी तोच सर्वांत निकडीचा मुद्दा आहे.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचे कर्ज १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केले आहे. आजवर या कर्जातून राहण्याजेवण्यासह संपूर्ण खर्च भागवता येत असे. पुढे कायद्याच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर या मर्यादेत मिळेल. मोठ्या शहरातल्या खाजगी लॉ स्कूलचा राहण्यासह वर्षाचा खर्च आज लाख डॉलरच्या पुढे जातो. फरक भरायला खाजगी कर्ज काढावे लागेल, त्याला बहुधा आईवडिलांची जामीनकी लागेल, आणि सरकारी कर्जाला असलेल्या परतफेडीच्या सवलती त्याला नसतील.

आता हे तुमच्या प्रश्नाला लावू. मुलगी या ऑगस्टमध्ये प्रवेश घेऊन ३० जून २०२६च्या आधी त्या अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्ज उचलेल, तर जुन्या मर्यादा तिला तीन वर्षांपर्यंत किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर चालू राहतात. ती २०२६मध्ये प्रवेश घेईल, तर नव्या मर्यादा. म्हणजे एक वर्ष थांबण्याची किंमत फक्त एका वर्षाच्या पगाराइतकी नाही. डेलावेअरकरांच्या मार्गाने जाणाऱ्यांनी हेही पाहावे की ही सवलत ज्या संस्थेतल्या अभ्यासक्रमासाठी कर्ज घेतले, त्याला जोडलेली आहे.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. कर्जाला मर्यादा आली की स्कॉलरशिपचे मोल वाढते, आणि स्कॉलरशिप आकड्यांवर मिळते. तिची एलसॅट खरोखरच वाढणार असेल, तर याच न्यू जर्सीच्या शाळेत पुढच्या वर्षी अर्ध्याऐवजी पूर्ण शुल्कमाफीही मिळू शकेल. वाढणार नसेल, तर आज हातात असलेला सौदा पुढच्या वर्षी कोणी देणार नाही.

मृण्मयी_एडिसन | १६ जुलै २०२५

कर्जाचा हा भाग आम्हाला कोणीच सांगितला नव्हता. आज संध्याकाळी जेवताना मोठ्याने वाचून दाखवला आणि पहिल्यांदाच बापलेक एका कागदावर आकडे मांडत बसले आहेत.

सावनी_टेक्सास | १६ जुलै २०२५

येथे एक प्रश्न कोणी विचारला नाही. मुलगी अमेरिकन नागरिक आहे का? नसेल तर वर्षभर थांबण्याचा विचार पूर्णपणे निराळ्या अंगाने करावा लागतो.

मी एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांच्या व्हिसावर, वाढले. २१ वर्षे पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही, म्हणून कॉलेजमध्येच एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला. एफ-१ वर सरकारी कर्ज नाही. पदवीनंतरचे ओपीटी (या व्हिसावर नोकरी करण्याची परवानगी) १२ महिन्यांचे असते, नोकरी आपल्या विषयाशी संबंधित असावी लागते, आणि बेरोजगारीचे एकूण ९० दिवस ओलांडले की देशात राहण्याचे कायदेशीर स्टेटस जाते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला मिळणारी २४ महिन्यांची वाढ राज्यशास्त्राला नाही. माझ्या अमेरिकन मैत्रिणींनी प्रतीक्षायादीनंतर वर्षभर काय करायचे ते उन्हाळाभर निवांत ठरवले. मला तेवढ्या काळात नोकरी, ओपीटीचे कार्ड आणि पुढच्या वर्षीचे अर्ज हे तिन्ही सांभाळायचे होते. मीसुद्धा पुन्हाच अर्ज केला आणि प्रवेश मिळाला, परंतु एलसॅटच्या अभ्यासासाठी नोकरी सोडणे हा पर्याय मला कधी नव्हताच. अशा परिस्थितीत असलेल्या मुलांनी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी पदवी मिळण्याच्या आधीच बोलावे.

मृण्मयी_एडिसन | १६ जुलै २०२५

सावनी, ती जन्माने नागरिक आहे. तरीही तू हे लिहिलेस ते फार चांगले केलेस. आमच्या शेजारच्या घरात नेमकी हीच परिस्थिती आहे, त्यांना तुझा प्रतिसाद पाठवते.

लेखणी_बहाद्दर | १७ जुलै २०२५

मी एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या अर्जांचे लेखन तपासण्याचे काम करते. ‘नेमके काय बदलायचे’ या मूळ प्रश्नाचे उत्तर अजून अर्धेच मिळाले आहे, म्हणून लिहिते.

पर्सनल स्टेटमेंट पूर्ण नव्याने लिहावे. जुन्यातला परिच्छेद उचलून चालत नाही, कारण दोन्ही फाइली शेजारी ठेवून कोणी वाचले तर आळस उघडा पडतो. विषय तोच राहिला तरी हरकत नाही, पण दरम्यानच्या काळात त्या विषयाकडे पाहण्यात काय फरक पडला, ते दिसायला हवे. मागच्या वर्षी प्रवेश कसा हुकला, याचे रडगाणे स्टेटमेंटमध्ये नको. पुन्हा अर्ज करण्याबद्दल सांगायचेच असेल, तर चार ओळींची वेगळी पुरवणी जोडावी: गुणांक इतका वाढला, अमुक काम केले, आणि ही शाळा अजूनही पसंतीची आहे ती अमुक कारणासाठी. ‘अमुक कारण’ म्हणजे शाळेच्या संकेतस्थळावरचे पहिले वाक्य नव्हे. तिथली एखादी क्लिनिक (विद्यार्थी खऱ्या अशिलांचे काम करतात तो उपक्रम), एखादा अभ्यासक्रम, तिथे शिकवणारे कोणी, ज्यांच्याबद्दल आपण खरोखर वाचले आहे, असे काहीतरी असावे.

शिफारसपत्रांबद्दल गैरसमज असतो. एलसॅककडे (एलसॅट घेणारी आणि अर्जांची कागदपत्रे शाळांना पाठवणारी संस्था) असलेली जुनी पत्रे पाच वर्षे वापरता येतात, त्यामुळे सर्व नवी हवीत असे नाही. प्राध्यापकांचे चांगले पत्र तसेच ठेवावे आणि नोकरीच्या ठिकाणच्या वरिष्ठांचे एक नवे जोडावे. फक्त नोकरी ऑगस्टमध्ये लागली आणि पत्र सप्टेंबरमध्ये मागितले, तर बिचारा वरिष्ठ लिहिणार काय? अशा वेळी अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेला तरी चालतो. वेळेवर पाठवण्याच्या नादात अर्धी फाइल पाठवू नये.

आणि एक गोष्ट वकिलांनाच अधिक ठाऊक असेल: शिस्तभंग, अटक, दंड यांसंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे दोन्ही वर्षी जुळली पाहिजेत. मागच्या अर्जात काही राहून गेले असेल, तर ते या वेळी स्पष्टपणे सांगावे.

कृष्णाकाठ | १७ जुलै २०२५

शेवटच्या मुद्द्याला ठळक अनुमोदन. पुढे बारची सनद घेताना चारित्र्याची चौकशी होते, तेव्हा लॉ स्कूलचे अर्ज काढून ताडून पाहतात. वसतिगृहात कधीतरी मिळालेली लेखी समज क्षुल्लक असते. ती लपवणे क्षुल्लक राहत नाही.

शाल्मली_के | १७ जुलै २०२५

टर्नपाइकवर (महामार्गावर) वेगात गाडी चालवल्याचे दंडाचे तिकीटही सांगायचे का?

कृष्णाकाठ | १७ जुलै २०२५

प्रत्येक शाळेचा प्रश्न शब्दशः वाचायचा. काही शाळा वाहतुकीचे किरकोळ दंड स्पष्टपणे वगळतात, काही वगळत नाहीत. ‘मागच्या शाळेने नव्हते विचारले’ हे उत्तर होत नाही.

पुणेरी_पगडी | १७ जुलै २०२५

एक शंका. मिळालेली जागा एक वर्ष पुढे ढकलून ठेवता येत नाही का? म्हणजे जागाही राहील आणि दुसरीकडे प्रयत्नही होतील.

तर्कटराव | १७ जुलै २०२५

पुढे ढकलण्याची सोय अनेक शाळांत असते, पण बहुतेक ठिकाणी त्या काळात दुसरीकडे अर्ज करणार नाही, असे लिहून घेतात. दोन्ही डगरींवर हात ठेवता येऊ नये, याची काळजी त्यांनी घेतली आहे. स्कॉलरशिप तशीच राहील की पुन्हा ठरेल, हेही लेखी विचारावे लागते.

मृण्मयी_एडिसन | १९ जुलै २०२५

सर्वांचे प्रतिसाद मुलीने स्वतः वाचले. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून दोन संध्याकाळी गेल्या. आजोबांच्या आरएसीवर ती बराच वेळ हसत होती, आरएसी म्हणजे काय हे समजावून सांगितल्यावर.

५०९ अहवाल काढून पाहिले. कृष्णाकाठ यांनी म्हटल्याप्रमाणेच चित्र आहे: जीपीए सगळीकडे मध्यांकाच्या जवळ किंवा वर, एलसॅट सगळीकडे खाली. जून २०२४च्या निकालात लॉजिकल रीझनिंग आणि वाचन या दोन्ही विभागांत तिच्या फारशा चुका नव्हत्या, गेम्समध्ये मात्र बऱ्याच होत्या. तर्कटरावांच्या सूचनेनुसार तिने नव्या पद्धतीच्या सराव चाचण्या घड्याळ लावून सोडवायला सुरुवात केली आहे. पहिल्या चाचण्यांचे आकडे पूर्वीपेक्षा वर आहेत. ते टिकतात का, हे महिनाअखेर पाहून जागेबद्दल ठरवायचे, असे आमच्यात ठरले आहे. तिच्या बाबांनी तेवढी मुदत मान्य केली आहे. त्यांचा मूळ आग्रह सुटलेला नाही आणि कर्जाचा कागद फ्रिजवर लावला आहे.

आता दोन व्यवहारी प्रश्न. जी यादी अजून उघडी आहे, तिथे या घडीला काही पाठवावे का? आणि न्यू जर्सीची जागा सोडायचीच झाली, तर त्या शाळेकडे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्याचे तोंड राहते का?

कृष्णाकाठ | १९ जुलै २०२५

पहिल्याचे उत्तर हो, आणि या आठवड्यातच. एक पानाचे पत्र पुरे. बोलावणे आले तर ती येणार का, हे त्यात स्पष्ट असावे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये शाळेला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. परंतु कर्ज आणि खर्च यांचा विचार करून ती खरोखरच जाणार असेल तरच तसे लिहावे. बोलावणे आले तर विचार करायला बहुधा एक-दोन दिवसच मिळतात, तेव्हा त्या शाळेचे खर्चाचे गणित आताच मांडून ठेवावे. आधी एखादे पत्र गेले असेल तर त्यातलाच मजकूर पुन्हा नको. पदवी मिळाल्याची अंतिम गुणपत्रिका एलसॅककडे पोहोचली आहे का, तेही तपासावे. अनेकांच्या फाइलमध्ये शेवटच्या सत्राचे गुण नसतातच.

दुसऱ्याबद्दल: मिळालेला प्रवेश स्वतः सोडणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी त्याच शाळेत अर्ज करता येतो आणि लोक करतातही. तोंड राहते की नाही, हे जागा कशी सोडली त्यावर आहे. ओरिएंटेशनच्या आदल्या दिवशी गायब होणाऱ्याला कोणी विसरत नाही. ठरले की त्याच दिवशी प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवावी. त्यात कारणांचा पाल्हाळ नको, आभार आणि स्पष्ट माघार एवढेच असावे. स्कॉलरशिप देणाऱ्या कार्यालयालाही तीच ईमेल पाठवावी. डिपॉझिट बहुधा परत मिळणार नाही. आणि वसतिगृह किंवा आरोग्यविम्याची नोंदणी केली असेल, तर ती वेगळी रद्द करावी लागते, प्रवेश मागे घेतला म्हणून ती आपोआप रद्द होत नाही.

डेलावेअरकर | १९ जुलै २०२५

वर्ग सुरू होण्याआधी माघार घेतली तर शुल्क लागत नाही, पण ती तारीख प्रत्येक शाळेची वेगळी असते. बर्सरच्या (शुल्क कार्यालयाच्या) पानावर पाहून ठेवा. आणि ऑक्टोबरची एलसॅट द्यायची असेल, तर जवळचे केंद्र भरण्याआधी नाव नोंदवा.